झाडू पालिकेचा, मस्टर ठेकेदाराचं

९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडलोट, साफसफाई, धूळ झटकणं आणि पहारा या कामांवर कंत्राटी कामगार लावायचे नाहीत, असा तिचा आशय होता. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायद्याने सरकारला हा अधिकार दिला होता. काम आस्थापनेला गरजेचं आहे का, ते बारमाही आहे का, त्याला पूर्णवेळ माणसं लागतात का, हे तपासायचं आणि त्या कामातली ठेकेदारी बंद करायची, अशी त्या कायद्याची दिशा होती.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे मोडीत निघाले. १९७० चा तो कायदा त्यांतलाच एक. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. मात्र गाभ्याच्या कामात काय धरायचं नाही, याची यादी व्याख्येतच दिली आहे. तिच्यात पहिलं नाव सफाईचं आहे: झाडणं, पुसणं, धूळ झटकणं, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं. दुसरं पहाऱ्याचं. मग कॅन्टीन, माल चढवणं-उतरवणं, बागकाम, हाउसकीपिंग, कपडे धुणं, वाहतूक, अगदी रुग्णवाहिकासुद्धा.

एकोणपन्नास वर्षांत तीच कामं मनाईच्या यादीतून मुभेच्या यादीत येऊन बसली. हा प्रवास एका रात्रीत झालेला नाही. त्यात सरकारं आहेत, सर्वोच्च न्यायालय आहे, महापालिका आहेत, आणि पहाटे अंधारात झाडू घेऊन निघणारी माणसं आहेत. संहितांवर गेल्या वर्षभरात पुष्कळ लिहिलं गेलं. पण त्यातलं बरंचसं आयटीतल्या पगाराच्या रचनेविषयी होतं. मूळ वेतन किमान निम्मं धरलं तर हातात किती येईल, ग्रॅच्युइटी किती वाढेल, याची गणितं घराघरांत झाली. ती महत्त्वाची आहेतच. पण कायद्याने ज्यांचं आयुष्य खरोखर हलतं, ते लोक पगाराच्या रचनेचा विचार करण्याइतक्या पगारावर नाहीत. त्यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे, आणि तो पन्नास वर्षं तोच आहे: माझा मालक कोण?

डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया स्टॅट्युटरी कॉर्पोरेशनच्या खटल्यात त्याचं सरळ उत्तर दिलं होतं. ज्या कामात ठेकेदारीला मनाई झाली, त्या कामावरचे ठेकेदाराचे कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे होतात. ठेकेदार मधून गेला की उरलेल्या दोघांत थेट नातं उरतं. कामगार संघटनांना हा निकाल फार मोठा वाटला, आणि तो होताही. पण तो पाचही वर्षं टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात तो फिरवला. मनाई झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, असं घटनापीठाने ठरवलं. १९७६ ची ती अधिसूचनाही रद्द केली. प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट काढली, म्हणून. एक दार मात्र उघडं ठेवलं. ठेका निव्वळ दिखाव्याचा आहे, खरा मालक पडद्यामागे आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झालं, तर ते कामगार मूळ मालकाचेच समजायचे.

त्या उघड्या दारातून मुंबईचे सफाई कामगार आत शिरले. त्यांची लढाई मराठी वाचकाला तपशिलात माहीत असायला हवी, कारण भारतातल्या कंत्राटी पद्धतीचा सगळा इतिहास तिच्यात सापडतो.

मुंबई महानगरपालिकेकडे कायम सफाई कामगार होते आणि आहेत. त्यांच्या जोडीला कचऱ्याच्या गाड्या भरण्यासाठी, डेब्रिज उचलण्यासाठी ठेकेदारांची माणसं आली. ती बहुसंख्य दलित समाजातली. त्यांची कचरा वाहतूक श्रमिक संघ ही संघटना नव्वदच्या दशकात उभी राहिली. मिलिंद रानडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती बांधली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा नुकताच स्टील ऑथॉरिटीचा निकाल लागला होता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठेका खरा की दिखाव्याचा हा वस्तुस्थितीचा वाद आहे; तो रिट याचिकेत सुटणार नाही, न्यायाधिकरणात पुरावा द्या. म्हणजे साक्षी, उलटतपासण्या, मस्टरच्या प्रती, आणि वर्षं.

२,७०० कामगारांचा दावा असाच न्यायाधिकरणात चालला. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांना कायम करण्याचा निवाडा दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर पुन्हा ५८० कामगारांचा दावा होता. तोही जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कामगारांच्याच बाजूने लागला. शहराचं रोजचं, बारमाही काम करणाऱ्या माणसांना तात्पुरतं म्हणता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे टिकलं.

पण २०१७ च्या निकालानंतर जे घडलं ते निकालाइतकंच महत्त्वाचं आहे. अनेकांची नेमणूक कागदपत्रांवर अडली. दाव्यातल्या यादीत नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. आडनावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे. ठेकेदाराच्या कारकुनाने घाईत लिहिलेलं नाव हेच ज्या माणसाच्या नोकरीचं एकमेव सरकारी अस्तित्व, त्याला देशातल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही मी तोच आहे हे पुन्हा सिद्ध करावं लागलं. निकाल हातात आणि पगार नाही, अशी ती अवस्था. मला या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वात क्रूर वाटतं, कारण यात वाईट हेतूचीही गरज लागत नाही. नुसता कागद नीट न ठेवणं पुरतं.

ठेका दिखाव्याचा आहे हे सिद्ध कसं करतात? २०१४ मध्ये बलवंतराय सलुजा खटल्यात, एअर इंडियाच्याच कॅन्टीन कामगारांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या मांडल्या. नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, कामावरून कोण काढू शकतं, शिस्तभंगाची कारवाई कोण करतं, नोकरीत सातत्य आहे का, आणि कामावर प्रत्यक्ष देखरेख आणि पूर्ण नियंत्रण कोणाचं. ऐकायला सोपं आहे. पण पुण्यात रस्ते झाडणाऱ्या एका बाईंनी मला त्यांचे कागद दाखवले, तेव्हा या कसोट्या किती अवघड आहेत ते कळलं. वेगवेगळ्या एजन्सींची ओळखपत्रं होती. फोटो तोच, पदनाम तेच, झाडायच्या गल्ल्या त्याच, हजेरी चौकी तीच. वरचं नाव तेवढं दर ठेक्याला बदललेलं. नेमणूकपत्र एकाचंही नाही. पगाराची स्लिप कधीच मिळाली नव्हती. पीएफ जमा झाल्याचे मोबाइलवर आलेले मेसेज त्यांनी जपून ठेवले होते, आणि मधले काही महिने मेसेजच नव्हते. ते महिने काम बंद होतं का, असं विचारलं, तर त्या क्षणभर गोंधळल्या. काम बंद कधीच नव्हतं. जुना ठेका संपून नवा सुरू व्हायचा होता, एवढंच. मुकादमाने या म्हटलं आणि त्या येत राहिल्या.

हेच ते सातत्य. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला ते माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नाही.

म्हणून नव्या संहितांतली सर्वात मोलाची तरतूद कोणती, असं मला विचारलं तर मी नेमणूकपत्राचं नाव घेईन. व्यावसायिक सुरक्षा संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. त्याच संहितेने ठेकेदारावर आणखी एक जबाबदारी टाकली आहे: कामगाराने मागितलं तर त्याने काय काम केलं याचा अनुभवाचा दाखला द्यायचा. कोणत्याही औद्योगिक वकिलाला विचारा, दहा वर्षं चालणाऱ्या दाव्यात साडेनऊ वर्षं हा माणूस इथे कामाला होता हे दाखवण्यातच जातात. दर ठेक्याला एक नेमणूकपत्र, त्यावर कामाचं ठिकाण, पद आणि तारीख, आणि ठेका संपताना अनुभवाचा दाखला, एवढं जरी खरोखर हातात पडलं तरी पुढच्या पिढीचा दावा अर्ध्या वेळात निकाली निघेल. संघटनांनी संहितांना विरोध करावा, त्याची कारणं आहेत. पण विरोध करतानाही हा कागद घरोघर पोहोचवायला हवा. उद्याच्या प्रत्येक लढाईचा पुरावा तोच आहे.

आता दुसरी बाजू. याच संहितेत दुसरी एक तरतूद कामगाराच्या अतिशय फायद्याची आहे: परवाना नसलेल्या ठेकेदाराकडून कामगार घेतले, तर ते कामगार मूळ मालकाचेच मानले जातील. सिद्ध करत बसायला नको, दिखावा होता की नव्हता हा वाद नको. हे कायद्याच्या पुस्तकात इतक्या स्पष्टपणे पूर्वी नव्हतं. पण परवाना कोणाला लागतो? ज्याच्याकडे ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार आहेत, त्याला. मूळ कायद्यात हा आकडा २० होता. महाराष्ट्राने तो २०१७ च्या सुरुवातीलाच ५० केला होता. आता देशभर ५० झाला. म्हणजे एका ठेकेदाराकडे ४९ माणसं असली की परवाना नको, आणि परवाना नको म्हटल्यावर ती माणसं आपोआप मूळ मालकाची होण्याचा प्रश्नही नको. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं ते इथे.

आकड्याच्या खाली राहण्याची ही कला आपल्याकडे जुनी आहे. मर्यादा २० ची होती तेव्हा ठेके १८-१९ माणसांचे निघत, अशी मुंबईच्या कामगारांची तक्रार होती. तेवढंही नको असेल तर माणसांना कामगार म्हणायचंच नाही. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या सफाईत माणसं स्थानिक संस्थांमार्फत 'स्वयंसेवक' म्हणून आली आणि त्यांच्या पगाराला 'मानधन' असं नाव मिळालं. गटार तेच, काम तेच. ५० चा आकडा केल्याने छोट्या उद्योजकाची कागदी कटकट कमी झाली हे खरं आहे, आणि भोसरी-सातपूरच्या शेडमध्ये दहा-बारा माणसं घेऊन बसलेल्या माणसाला ती सवलत मिळावी, याबद्दल माझा वाद नाही. पण हजारो कोटींचा अर्थसंकल्प असलेल्या महापालिकेला ती का मिळावी? कायद्याने या दोघांत फरक करायला हवा होता. तो केला नाही, ही माझ्या मते संहितेतली सर्वात मोठी चूक आहे.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाची भाषा बदलत होती. २० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने जग्गो विरुद्ध भारत सरकार हा निकाल दिला. केंद्रीय जल आयोगाच्या फरिदाबादच्या कार्यालयात झाडण्याचं आणि बागेचं काम करणाऱ्या माणसांची ती गोष्ट. त्यांतलं कोणी १९९३ पासून कामावर होतं. नोकरी नियमित करा म्हणून ती माणसं प्रशासकीय न्यायाधिकरणात गेली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना नोटीसही न देता घरी पाठवण्यात आलं. पीठाने त्यांना परत घ्यायला आणि नियमित करायला सांगितलं; इतकंच नव्हे तर सरकारी संस्था तात्पुरत्या नेमणुका आणि बाह्यस्रोत यांचा आडोसा करून बारमाही काम करून घेतात, यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरकारी कार्यालयं अशा माणसांना वर्षानुवर्षे नाही म्हणत आली होती. मागच्या दाराने झालेल्या बेकायदा भरतीला आळा घालणं हा त्या निकालाचा हेतू. तो दीर्घकाळ प्रामाणिकपणे राबलेल्यांच्या विरोधात वापरू नका, असं पीठाने बजावलं. दीड महिन्यात, ३१ जानेवारी २०२५ रोजी, याच दोन न्यायमूर्तींनी गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांना निम्म्या थकित वेतनासह परत कामावर घ्यायला लावलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या धरम सिंग प्रकरणात न्यायालयाने सरकारला आठवण करून दिली की ते बाजारातला एक साधा मालक नाही, संविधानाने बांधलेला मालक आहे. पैसे नाहीत ही सबब रोजचं काम करणाऱ्यांच्या डोक्यावर मारता येणार नाही.

त्याच ऑगस्टनंतर तीन महिन्यांनी संहिता लागू झाल्या. न्यायालय एका दिशेने निघालं होतं आणि कायदा दुसऱ्या, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला ते तितकं सरळ वाटत नाही. कारण गाभ्याच्या कामाच्या व्याख्येत, त्या यादीच्या तोंडाशीच, एक छोटी अट आहे: ही कामं गाभ्याची नव्हेत, पण केव्हा? आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तेव्हा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना झाडलोटीसाठी स्थापन झालेला नसतो. म्हणून तिथली झाडलोट ठेक्यावर देता येईल. महापालिकेचं काय?

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा आहे. त्याच्या ६१ व्या कलमात पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. रस्त्यांची सफाई, मैला आणि केरकचरा उचलणं, त्याची विल्हेवाट लावणं ही कामं त्यात आहेत. ही ऐच्छिक सेवा नाही; पालिका ज्यासाठी अस्तित्वात आहे त्यांतलं हे पहिल्या रांगेतलं काम आहे. मग पालिका सफाईसाठी स्थापन झालेली नाही, असं कोण म्हणू शकेल? माझ्या वाचनाप्रमाणे नव्या संहितेखाली महापालिकांची सफाई हे गाभ्याचंच काम ठरतं आणि त्यात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. यावर पालिकांचे वकील काय म्हणतील याचाही अंदाज करता येतो, कारण संहितेने तीन पळवाटा ठेवल्या आहेत. ते काम त्या आस्थापनेत नेहमीच ठेकेदारामार्फत होत असेल, ते दिवसाच्या बहुतेक वेळेत पूर्णवेळ माणसं लागणारं नसेल, किंवा अचानक काम वाढलं असेल, तर गाभ्याच्या कामातही ठेकेदार चालतो. पहिली पळवाट भीतिदायक आहे. आम्ही गेली वीस वर्षं हे काम ठेक्यावरच देतो, असं म्हणून जुन्या चुकीला नव्या कायद्याचा आधार मिळवता येईल. २०२५ मध्ये मुंबई पालिकेने कचरा उचलण्याचं आणि वाहून नेण्याचं काम खासगी ठेकेदारांकडे देण्यासाठी हजारो कोटींची निविदा काढली, कामगार संघटना संपाच्या तयारीला लागल्या, ते प्रकरण या प्रकाशात पाहायला हवं. काम एकदा ठेक्यावर गेलं की तेच पुढे 'नेहमीची पद्धत' म्हणून कायद्यासमोर उभं राहतं.

असा वाद झाला तर निर्णय कोण देणार? कामगाराने किंवा संघटनेने संबंधित सरकारकडे अर्ज करायचा, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल घेऊन सरकारने ठरवायचं. महापालिकांच्या बाबतीत हे सरकार म्हणजे राज्य सरकार. ज्याचं नगरविकास खातं पालिकांवर देखरेख ठेवतं, आणि जे स्वतःच मोठा ठेकेदारी मालक आहे. ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवून पाहा. नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांत, शिपायापासून अभियंत्यापर्यंत, मनुष्यबळ घ्यायचं ठरलं होतं. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या मुलांचा राग रास्त होता. तोच राग झाडूवाल्या बाईच्या एजन्सीबद्दल आपल्याला यायला हवा होता. तो आला नाही.

ठेकेदाराबद्दलही लिहायला हवं, कारण सगळे ठेकेदार धनदांडगे नसतात. गावोगावी निविदा भरणारे पुष्कळ जण काल-परवापर्यंत मुकादम किंवा सुपरवायझर होते. निविदेचं गणित मांडून पाहू. कामगाराचं वेतन १०० रुपये धरा. त्यावर मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३ रुपये. ईएसआयचे ३.२५. किमान बोनस ८.३३. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. झाले जवळजवळ १२९ रुपये चाळीस पैसे. यात रजा नाही, गणवेश नाही, हातमोजे नाहीत, झाडू नाही, सुपरवायझर नाही, अनामतीवरचं व्याज नाही आणि नफाही नाही. आता या कामाची निविदा उघडते आणि कोणीतरी अंदाजपत्रकापेक्षा पंधरा-वीस टक्के 'बिलो' भरतो. सगळ्यात कमी दर म्हणून काम त्याला जातं. दर मंजूर करणाऱ्या साहेबांना हे गणित माहीत असतं. ही तूट कुठून भरून निघणार? बांधकामात सिमेंट-सळई कमी करता येईल. मनुष्यबळाच्या ठेक्यात माणसाशिवाय काही नसतंच. मग पीएफ कमी दिवसांचा भरला जातो. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, आणि कामगारांची एटीएम कार्डं मुकादमाकडे असल्याच्या तक्रारी राज्यातल्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. कागदावर किमान वेतन, हातात त्याहून कमी.

कायद्याने याचं उत्तर दिलं आहे, आणि ते जुन्या कायद्यातही होतं: ठेकेदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं, तर मूळ मालकाने ते भरून द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. नव्या संहितेत परवान्यासाठी ठेवलेल्या अनामतीतून वेतन देण्याचा आदेश सरकार काढू शकतं. उत्तर चांगलं आहे; पण किमान वेतनाच्या खालच्या दराची निविदा मंजूर करणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. निविदा उघडतानाच कायदा मोडलेला असतो आणि शिक्षा शेवटच्या टोकाच्या माणसाला होते. माझी मागणी साधी आहे. वेतन आणि त्यावरचे वैधानिक भरणे यांचा आकडा निविदेत गोठवून टाकावा आणि स्पर्धा फक्त ठेकेदाराच्या व्यवस्थापन शुल्कावर व्हावी.

बिलांचं दुखणं वेगळंच. राज्यातल्या सरकारी कामांचे कंत्राटदार थकित देयकांसाठी २०२५ मध्ये रस्त्यावर उतरले होते. एक छोटा सफाई ठेकेदार सांगत होता की पालिकेचं बिल तीन-तीन महिने निघत नाही, पण पगार मात्र सात तारखेला द्यायचा असतो. मग व्याजाने पैसे काढायचे. हे ऐकून त्याची कणव येते, आणि ते व्याज शेवटी कोणाच्या खिशातून जातं हेही कळतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या तेव्हाच्या ४३ ब (ह) कलमाने खासगी कंपन्यांना थोडी शिस्त लावली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत, म्हणजे करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही. मार्च महिन्यात कंपन्यांच्या लेखा विभागांची धांदल उडते ती यामुळे. पण महापालिका किंवा सरकारी खातं या नियमाला भीत नाही. ते आयकर भरतच नाही. सर्वात जास्त उशीर करणारा देणेकरी असा मोकळाच राहतो.

कारखानदारांसाठी संहितांत बरंच काही आहे. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला आणि बंदीला सरकारची परवानगी नको. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. नोकरी सोडली वा काढलं तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब पुरा करायचा. पण चाकण-वाळूजच्या उद्योजकांनी ज्याकडे नीट पाहावं, ती गोष्ट म्हणजे मुदतीची नोकरी. ठराविक काळासाठी माणूस थेट घ्यायचा, त्याला कायम कामगारासारखंच वेतन आणि सवलती द्यायच्या, आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही. पाच वर्षांची वाट नाही. मोसमी मागणी असलेल्या धंद्याला हा प्रामाणिक मार्ग आहे. 'ट्रेनी' म्हणून मुलं घ्यायची, सात-आठ महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि दुसऱ्या एजन्सीच्या नावावर तीच मुलं परत घ्यायची, हा उद्योग आता सोडायला हरकत नाही.

या साखळीचं सर्वात लांब टोक ऊसतोडीत दिसतं. कारखाना, वाहतूक ठेकेदार, मुकादम, आणि शेवटी कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, हिशेब जोडीचा, आणि तो बहुधा नवऱ्याच्या नावावर. बीडची बाई पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक करून फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि कोणत्याही वहीत तिचं नाव नसतं. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटनांच्या वाटाघाटीत मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. तीही जोडीलाच. हंगामी काम वर्षात साठ दिवसांहून जास्त चालत असेल तर ते अधूनमधूनचं काम समजायचं नाही, असं संहिता म्हणते. गाळप हंगाम त्याहून किती तरी लांब असतो. तेव्हा हंगामी म्हणून कायद्याबाहेर, ही सबब इथे चालणार नाही. बाईच्या नावाचं स्वतंत्र नेमणूकपत्र, हे बीड-जालन्यातल्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठं काम होईल. ते कारखान्याने द्यायचं की मुकादमाने, हा वाद जरूर होऊ दे. पण तो कागद हातात ठेवून होऊ दे.

आणि हे सगळं अशक्य आहे असं महाराष्ट्राने तरी म्हणू नये. १९६९ मध्ये, अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या हमालांच्या चळवळीतून, याच राज्याने माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो; सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. कायद्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ उभं केलं. व्यापारी आणि टोळी दोघांनी नोंदणी करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, पीएफ, रजा, दवाखाना द्यायचा. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी हीच वाट काढली. मंडळांत भानगडी शिरल्या. बोगस माथाडींच्या नावाखाली खंडणी मागण्याच्या उद्योजकांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण मधल्या माणसाचा नफा काढून टाकून तो पैसा कामगाराच्या म्हातारपणाकडे वळवता येतो, हे इथेच, मशीद बंदर आणि वाशीच्या बाजारांत, सिद्ध झालं आहे. शहरांच्या सफाईसाठी असं मंडळ काढायला राज्याला कोणतीही संहिता आडवी येत नाही.

तूर्त पहिलं काम संघटनांच्या हातात आहे. गाभ्याच्या कामाबाबतचा अर्ज राज्य सरकारकडे टाकता येतो, आणि तो कोणत्याही एका महापालिकेच्या सफाईवरून टाकता येतो. सोबत त्या पालिकेच्या कायद्यातलं बंधनकारक कर्तव्यांचं कलम (मुंबईत १८८८ च्या कायद्याचं ६१ वं) जोडावं, गेल्या दहा वर्षांतल्या निविदा माहितीच्या अधिकारात मागवून जोडाव्यात, आणि ज्या बाईंनी मला आपली ओळखपत्रं दाखवली, तशा प्रत्येकीच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती जोडाव्यात. पालिकेला लेखी उत्तर द्यावं लागेल की सफाई हे तिचं काम आहे की नाही. त्या उत्तरावर सही कोणत्या अधिकाऱ्याची असेल, तेही मग नोंदलं जाईल.